पटावरचे मूल आणि शिक्षकाची तयारी

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानास लागू केला, ही गोष्ट बडोद्याचा मराठी माणूस आजही अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्तच आहे. परंतु 'सर्व मुलांना शिक्षण' यातला 'सर्व' हा शब्द मोठा फसवा असतो. ज्याच्या डोळ्यांसमोर जेवढी मुले असतात तेवढीच तो मोजतो. मागल्या पडवीत दिवसभर बसून राहिलेले दृष्टिहीन मूल, चार हाका मारल्या तरी वळून न पाहणारे मूल, हातपाय ताठरल्यामुळे आईच्या कडेवरून न उतरलेले सात वर्षांचे मूल, या मुलांचाही त्या शब्दात समावेश होतो, हे सरकारच्या आणि समाजाच्या ध्यानात येण्यास पुढे फार काळ जावा लागला.

आज कायद्याच्या अंगाने पाहू गेल्यास तक्रारीस फारशी जागा उरलेली नाही. अपंग व्यक्तींसाठी १९९५ साली पहिला व्यापक कायदा झाला, त्यात सात प्रकारची अपंगत्वे धरलेली होती. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन अपंग बालकांचा स्पष्ट निर्देश आला. २०१६ साली जुन्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली, सातांची एकवीस झाली, आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलास जवळच्या साध्या शाळेत वा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क मिळाला. 'कोणालाही नकार द्यावयाचा नाही' हे सर्व शिक्षा अभियानाचे सूत्रच होते. २०११ च्या शिरगणतीत देशात २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील बालकांपैकी पुष्कळांची नावे आता कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर आहेत. मध्यंतरी नावेही बदलली. पूर्वीचे अपंग विकलांग झाले आणि आता दिव्यांग म्हणविले जातात. नाव बदलले म्हणजे काम झाले, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. पण वर्गातील शेवटच्या बाकाला नाव बदलल्याची वार्ता पोहोचत नाही, आणि हे मूल बहुधा त्याच बाकावर बसलेले असते. त्याची हजेरी लागते, त्याला पुस्तके आणि दुपारचे जेवण मिळते, वर्षअखेरीस ते वरच्या वर्गातही जाते. प्रश्न एवढाच आहे की, या साऱ्या काळात त्याला कोणी काही शिकविले काय?

याचे उत्तर शोधावयाचे तर आपले शिक्षक कोठे व कसे तयार होतात, तिकडे पाहिले पाहिजे.

आपल्याकडे अपंग मुलांच्या शिक्षणाचा आरंभ साध्या शाळांत झाला नाही. मुंबईत बिशप लिओ मोरँ यांनी १८८५ च्या सुमारास मूकबधिरांसाठी संस्था काढली. १८८७ साली अमृतसरला मिस ॲनी शार्प यांनी अंधांची शाळा सुरू केली, ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईची अंधशाळा अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली काढली, ती दादरची अंधशाळा म्हणून पुढे नावारूपास आली. मतिमंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलांसाठी वकील दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत १९४४ साली जे कार्य आरंभिले, त्यातून जय वकील शाळा उभी राहिली. ज्या काळी कोणाचेही लक्ष नव्हते त्या काळी या मंडळींनी हे केले. त्यांच्या कामास नावे ठेवण्याचा अधिकार आज कोणासही नाही.

परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, या मुलांना शिकविण्याची विद्या या चार भिंतींच्या आत राहिली. बोटांनी वाचावयास कसे शिकवावे, ऐकू न येणाऱ्यास भाषा कशी द्यावी, हे त्या शाळांतील शिक्षकांस ठाऊक. गावच्या शाळेतील मास्तरांस त्याचा गंध नाही, आणि असावा अशी अपेक्षाही नाही. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ सालच्या अहवालात अपंग बालकांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणपद्धतीचाच अविभाज्य भाग मानावा असे बजाविले. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाशी निगडित असलेले. खेड्यातील शाळा त्यांनी आतून पाहिलेली होती. आठ वर्षांनी, १९७४ साली, केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणिली. विचार निघाला तो योग्य दिशेनेच. पण शिक्षकांच्या तयारीची वाट मात्र दुभंगलेलीच राहिली. विशेष शिक्षकांचे शिक्षण व नोंदणी पाहणारी भारतीय पुनर्वास परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली, आणि साध्या शिक्षकांचे शिक्षण पाहणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९९३ च्या कायद्याने. एका विद्यार्थ्यासाठी दोन परिषदा, दोन अभ्यासक्रम, दोन पदव्या. दोन्हींतून बाहेर पडलेले शिक्षक एकमेकांस भेटतात ते नोकरीला लागल्यावर, आणि पुष्कळदा तेव्हाही भेटत नाहीत.

साध्या शिक्षकाला नेमके काय माहीत असावयास हवे, याचा विचार आपल्याकडे फार मोघमपणे केला जातो. 'सहानुभूती हवी', 'दृष्टिकोन हवा' अशी वाक्ये ऐकू येतात. सहानुभूती हवीच, पण ती बहुतेक शिक्षकांपाशी असतेच. नसते ते ज्ञान, आणि हे ज्ञान फार गूढही नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊन पाहावे.

असे मूल शिबिरात तपासले जाते, त्याला श्रवणयंत्र मिळते, आणि शिक्षक व पालक दोघेही समजतात की आता त्याला आपल्यासारखे ऐकू येणार. चष्मा लावल्यावर दिसू लागते, तसेच हे असावे असा समज. वस्तुतः यंत्र आवाज मोठा करते, तो स्वच्छ करील याची शाश्वती नाही. शिक्षकाचा आवाज मोठा होतो, तसाच बाके सरकविल्याचा, पंख्याचा, बाहेरच्या रस्त्यावरचा आणि शेजारच्या वर्गातील पाढ्यांचाही होतो. यंत्राचा कानात बसणारा साचा मुलाच्या कानाच्या मापाचा असतो, आणि मूल वाढते तसा कान वाढतो. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी घालू लागते, वर्ग हसतो, मूल यंत्र काढून दप्तरात ठेवते. त्यातील विद्युत्‌घट संपतो तो शिक्षकाला कळत नाही. पुढे कित्येक महिने ते यंत्र घरच्या कपाटात जपून ठेवलेले असते. महाग वस्तू आहे ना!

यावर उपाय आहे, आणि त्यास दोन मिनिटे लागतात. डॅनियल लिंग या श्रवणतज्ज्ञाने सहा ध्वनींची एक चाचणी बसविली आहे. शिक्षकाने सकाळी आपले ओठ कागदाआड झाकून आ, ई, ऊ, म, श आणि स हे सहा ध्वनी एकेक करून उच्चारावयाचे आणि मुलाने ऐकू येताच हात वर करावयाचा. बोलण्यातील खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे सारे स्वर या सहांत येऊन जातात. काल 'श' ऐकू येत होता आणि आज येत नाही, तर यंत्र पाहावयास हवे, अथवा मुलाच्या कानात सर्दी उतरली आहे. वैद्यकीय पदवी नसलेला शिक्षक हे करू शकतो. आज किती शिक्षक हे करतात, याचा अंदाज श्रोत्यांनीच आपापल्या गावच्या शाळेवरून करावा.

दुसरी गोष्ट ओठांची. कमी ऐकणारे मूल बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून पुष्कळ समजून घेते. परंतु ओठांवर सारी भाषा दिसत नाही. बाळ, पाळ, फाळ, भाळ आणि माळ हे पाच शब्द आरशासमोर आवाज न काढता उच्चारून पाहावेत. पाचांचा आकार एकच. क आणि ग तर ओठांवर दिसतच नाहीत, ते घशाशी होतात. म्हणजे या मुलाला निम्मे ऐकून आणि निम्मे पाहून वाक्य जुळवावे लागते, आणि न जुळलेले संदर्भावरून भरून काढावे लागते. अशा वेळी शिक्षक फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलतो, किंवा पाठीमागे उजेडाची खिडकी घेऊन उभा राहतो, तेव्हा त्याचा चेहरा काळा दिसतो आणि मुलाचा धडा तेथेच तुटतो. शुद्धलेखन घालताना तर शिक्षकाने बाकांच्या रांगांतून फिरावयाचे, हा आपल्याकडील जुना रिवाज. शिक्षक मागे गेला की या मुलाची लेखणी थांबते. वहीवर लाल खुणांची गर्दी होते आणि शेरा पडतो की, अभ्यासात लक्ष नाही. लक्ष तर त्या मुलाचे वर्गातल्या कोणाहीपेक्षा अधिक असते. दुपारपर्यंत ते थकून जाते ते त्यामुळेच.

आणि ज्यांना यंत्राचाही उपयोग होत नाही त्यांचे काय? येथे शिक्षकांच्या तयारीच्या इतिहासातील एक दुःखद प्रकरण सांगितले पाहिजे. १८८० साली इटलीत मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणांची भाषा शाळांतून वर्ज्य करून केवळ बोलण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. ज्यांच्याविषयी ठराव झाला, त्यांना त्या सभेत जवळजवळ स्थान नव्हते. पुढे अनेक देशांतील शिक्षकांच्या कित्येक पिढ्या मुलांचे हात बांधण्यासाठी तयार केल्या गेल्या, कित्येकदा अक्षरशः. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय परिषदेने त्या ठरावांबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली, व्हँकूवर येथे, एकशेतीस वर्षांनी. आपल्याकडेही बोलण्याच्या पद्धतीचाच पगडा होता. भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन व प्रशिक्षण संस्था दिल्लीत स्थापन झाली ती २०१५ साली. प्रशिक्षण चुकीचे असले तर त्याचे फळ शंभर वर्षे भोगावे लागते, ते असे. बेळगावात घरी मराठी, बाजारात कानडी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांच्या पेचात सापडलेल्या कर्णबधिर मुलास हातांची एक भाषा लाभणे ही केवढी सोय आहे, हे सीमाभागातील शिक्षकास वेगळे सांगावयास नको.

सीमाभागाचा विषय निघालाच आहे तर ब्रेलविषयीही सांगावे. लुई ब्रेल या फ्रेंच मुलाने सोळाव्या वर्षाच्या आतच सहा टिंबांची लिपी सिद्ध केली, ती १८२९ साली प्रसिद्ध झाली. भारतीय भाषांसाठी आरंभी निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या पद्धती होत्या. १९५१ साली सर्वांसाठी भारती ब्रेल स्वीकारण्यात आली. तिचे तत्त्व फार सुंदर आहे. जो ध्वनी एक, त्याची टिंबेही एक. मराठी क, कानडी क, तेलुगू क आणि गुजराथी क डोळ्यांना चार निराळी अक्षरे दिसतात, बोटाला मात्र तेच अक्षर लागते. हैदराबादच्या मराठी घरातील दृष्टिहीन मुलास तेलुगू वाचताना नवी लिपी शिकावी लागत नाही, त्याच्या डोळस भावंडास मात्र लागते! आणखी एक गोष्ट. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहून नंतर उच्चारावयाची, ब्रेलमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतरच येते. डोळस शिक्षकाला ही लिपी डोळ्यांनी वाचावयाची असल्याने ती त्याला काही आठवड्यांत साधते. ज्या माणसाने मोडी वळविली असेल, त्याने तर याची भीती बाळगण्याचे कारणच नाही. पाटी आणि टोचा घेऊन लिहिताना मात्र उजवीकडून डावीकडे टोचावे लागते, कारण कागद उलटला म्हणजेच टिंबे वर येतात. एवढे एकदा स्वतः करून पाहिले की, दृष्टिहीन मुलाला लिहावयास वेळ अधिक का लागतो, हा प्रश्न शिक्षक पुन्हा विचारीत नाही.

दृष्टिहीन मुलापेक्षाही अधिक हाल होतात ते अंधूक दिसणाऱ्याचे. त्याच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. जमिनीवर पडलेले नाणे त्याने उचलले की, 'याला दिसते तर आहे, सोंग करतो' असे ठरते. एखाद्याच्या नजरेचा पल्ला नळीतून पाहिल्याप्रमाणे अरुंद असतो. तो पुस्तकातील बारीक अक्षर वाचतो आणि दाराच्या चौकटीवर मात्र आपटतो. दुसऱ्यास उजेडात धड दिसते आणि संध्याकाळी काही दिसत नाही. अशा मुलाला फळ्यापाशी उठून जाण्याची मोकळीक द्यावी, वाचावयाचे पुस्तक उताराच्या घडवंचीवर ठेवावे, आणि फळ्यावर लिहिलेले शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे. 'हे येथून वजा केले की हे उरते' अशा वाक्याचा त्याला काय उपयोग? भूमितीची आकृती कागदावर दोरा चिकटवून बोटाखाली देता येते. नदीचा नकाशा खळीवर वाळू भुरभुरून करता येतो. या गोष्टींना खर्च नाही.

लिहिण्यावाचण्यात अडखळणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी आहे, कारण त्यांच्याकडे पाहून काहीच समजत नाही. २०१६ च्या कायद्याने अध्ययन-अक्षमतेचा समावेश अपंगत्वात केला. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन त्यापूर्वी वीस वर्षे, १९९६ पासून, यासाठी काम करीत होती. सामान्य लोकांस हे नाव ठाऊक झाले ते २००७ सालच्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे. चित्रपट चांगलाच होता. अडचण एवढीच की, पुष्कळ शिक्षकांचे याविषयीचे ज्ञानही त्या चित्रपटापाशीच थांबले आहे, आणि त्यातील उदाहरणे मुख्यत्वे रोमन लिपीची आहेत. देवनागरीत हे मूल कसे चुकते, ते मराठीच्या शिक्षकाने आपल्याच वर्गात ओळखावयाचे. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ष आणि प यांची अदलाबदल होते. ख हे अक्षर 'रव' असे वाचले जाते. जोडाक्षर आले की पाय अडखळतो. वेलांटी आधी दिसते म्हणून आधी उच्चारली जाते. आता या चुका पहिली-दुसरीच्या प्रत्येकच मुलाकडून होतात, आणि तेवढ्यावरून कोणावर शिक्का मारणे हा अपराध होईल. परंतु चौथी-पाचवीतील चांगले बोलणारे, तोंडी हिशेब चटकन करणारे मूल अद्यापि तेथेच अडलेले असेल, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वी तपासणीस पाठवावे. शिक्षकाचे काम निदान करण्याचे नव्हे. त्याने नोंद ठेवावी. कोणत्या तारखेस कोणते अक्षर कसे वाचले, याचे एक पान तज्ज्ञाला तासाभराच्या तपासणीइतकेच उपयोगी पडते.

मेंदूच्या पक्षाघाताचे मूल, बौद्धिक अक्षमता असलेले मूल, स्वमग्न मूल, यांच्याविषयी एका भाषणात फार बोलता येणार नाही. इतकेच सांगावे की, पहिल्याचे बोलणे अस्पष्ट असते म्हणून त्याची बुद्धीही तशीच, हा निष्कर्ष अत्यंत घातक आहे. त्याचे पाय जमिनीला टेकतील अशी बैठक आणि फडके गुंडाळून जाड केलेली पेन्सिल यांनी पुष्कळ फरक पडतो. दुसऱ्यास काम शिकवावयाचे ते तुकडे पाडून, आणि कित्येकदा शेवटापासून. सदऱ्याचे बटण शिक्षकाने जवळजवळ लावून द्यावे आणि शेवटचा ओढा मुलाने घ्यावा, दुसऱ्या आठवड्यात शेवटचे दोन. दर वेळी काम पुरे झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. सिकंदराबादला १९८४ साली निघालेल्या राष्ट्रीय संस्थेने या प्रकारच्या शिक्षणाची पुष्कळ साधने तयार केली आहेत, ती हैदराबादच्या मराठी शाळांच्या तर दाराशीच आहेत.

आता अध्यापक महाविद्यालयांकडे वळू. राष्ट्रीय परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड्. दोन वर्षांचे झाले आणि 'समावेशक शाळेची घडण' हा विषय अभ्यासक्रमात आला. ही प्रगती खरी आहे. पण हा विषय बहुधा अर्ध्या कोष्टकाचा, आणि तो शिकविला जातो तो खोलीत बसून. विद्यार्थी-शिक्षक व्याख्या पाठ करतो, प्रकार पाठ करतो, कायद्यांची सालेही पाठ करतो, आणि परीक्षेत उत्तम गुण मिळवितो. दोन वर्षांत एकाही दृष्टिहीन वा कर्णबधिर मुलासमोर त्याने तोंड उघडलेले नसते. पोहण्याचे पुस्तक वाचून विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखी त्याची पुढे गत होते. सराव पाठ ही आपल्याकडील अध्यापनशिक्षणाची जुनी व चांगली परंपरा आहे. मार्गदर्शक प्राध्यापक मागच्या बाकावर बसून टिपणे घेतो आणि नंतर एकेका वाक्याची झडती घेतो. याच परंपरेत थोडा बदल करावयास काय हरकत आहे? प्रत्येक विद्यार्थी-शिक्षकाचे काही पाठ तरी ज्या वर्गात असे मूल आहे त्याच वर्गात व्हावेत, आणि पाठाची परीक्षा करताना त्या मुलाने काय शिकले, हे आधी विचारावे. शेजारच्या विशेष शाळेत प्रत्येकाने एक पंधरवडा काढावा, पाहुणा म्हणून नव्हे, मदतनीस म्हणून. विशेष शाळांपाशी साठलेली विद्या बाहेर येण्याचा याहून सोपा मार्ग दिसत नाही. समावेशक शिक्षण म्हणजे विशेष शाळा मोडणे, असा जो अर्थ काही उत्साही मंडळी करतात तो चुकीचा आहे. कर्णबधिर मुलांना तर आपल्या भाषेत बोलणारी दहा मुले एकत्र मिळणे ही जीवनाचीच गरज असते.

नोंदींचा उल्लेख वर आला. ॲन सुलिव्हन ही वीस वर्षांची मुलगी १८८७ च्या मार्चमध्ये हेलन केलरला शिकवावयास गेली, तेव्हा तिच्यापाशी अध्यापनाची पदवी नव्हती. ती स्वतः अधू दृष्टीची होती आणि पर्किन्स अंधशाळेतून नुकतीच बाहेर पडली होती. परंतु जाण्यापूर्वी काही महिने तिने एक अभ्यास केला. त्याच शाळेत पूर्वी शिकलेल्या लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीविषयी डॉ. हाउ यांनी वर्षानुवर्षे लिहून ठेविलेले अहवाल तिने वाचून काढले. एका मुलीच्या शिक्षणाची नीट ठेवलेली नोंद दुसऱ्या मुलीच्या उपयोगी पडली ती अर्ध्या शतकानंतर. पुढे सुलिव्हनने ठरीव धडे बाजूस सारले आणि लहान मुलाच्या कानाशी आपण जसे अखंड बोलतो तसे हेलनच्या तळव्यावर बोलत राहण्याचे ठरविले, हा तिचा स्वतःचा शोध. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत, आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या मुलाच्या पाच वर्षांच्या शिक्षणाची, नावगाव गाळलेली अशी एखादी मराठी नोंदवही असेल काय? असावयास हवी.

या साऱ्यावर वर्गशिक्षकाचा एक आक्षेप असतो, आणि तो नीट ऐकून घ्यावा असा आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक असावयाचा. पुष्कळ ठिकाणी दोन-दोन इयत्ता एकाच शिक्षकाकडे असतात, वर माहिती भरावयाची, सर्वेक्षणे करावयाची, निवडणुकांची कामे. त्यात ब्रेल आणि खुणांची भाषा त्याने केव्हा शिकावी? आक्षेप खरा आहे. एकट्या शिक्षकाने हे सारे करावे, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यासाठीच विशेष शिक्षक हवा. तो साधन-कक्षात बसून असो वा शाळाशाळांतून फिरणारा असो, ब्रेल त्याने शिकवावी, यंत्राचा साचा बदलून आणावा आणि वर्गशिक्षकाशी आठवड्यातून एकदा तरी बसून पुढचे पाठ ठरवावेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये याचे प्रमाणही सांगून ठेविले आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि वरच्या वर्गांत पंधरांमागे एक. फिरता शिक्षक पंधरवड्यातून एकदा येऊन सही करून जात असेल, तर हे प्रमाण कागदावरच राहिले असे म्हणावे लागेल. शिवाय नेमणूक कंत्राटी आणि वेतन अपुरे असले, तर दोन वर्षांचा कठीण अभ्यासक्रम पुरा करून या कामास कोण राहील, याचाही विचार शिक्षणखात्यांनी करावयाचा आहे.

२०१६ च्या कायद्यातील एका कलमाकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष गेलेले दिसते. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन नेमावयाचे, त्यांत सांकेतिक भाषा व ब्रेल जाणणारे स्वतः अपंग असलेले शिक्षकही असावेत, असे त्या कलमात म्हटले आहे. म्हणजे आज जे मूल शेवटच्या बाकावर बसले आहे, ते उद्या अध्यापक महाविद्यालयात प्रवेश मागणार. आपल्या महाविद्यालयांच्या वर्गखोल्या कित्येक ठिकाणी दुसऱ्या मजल्यावर आहेत आणि तेथे जावयास जिनाच आहे. सराव पाठाच्या गुणपत्रिकेत 'फळ्यावरील हस्ताक्षर' यासाठी गुण राखलेले असतात. दृष्टिहीन विद्यार्थी-शिक्षकाने ते कसे मिळवावयाचे, हे त्या गुणपत्रिकेत लिहिलेले नाही. कर्णबधिर विद्यार्थिनीच्या पाठाला दुभाषी कोण आणणार, महाविद्यालय की ती स्वतः, याचेही उत्तर प्रवेशाच्या माहितीपत्रकात सापडत नाही. हे अर्ज पुढील काही वर्षांत येऊ लागतील, काही ठिकाणी आलेही आहेत. तेव्हा त्या गुणपत्रिका आत्ताच काढून पुन्हा लिहावयास बसलेले बरे.